पंधराशे मीटर

ड्रुएपुट्स विमानतळ
६ ऑक्टोबर १९९६

चि. द्रीनास,
अ. उ. आ.

आज सकाळी चादरी वाळत घातल्या आणि एकदम शनिवारचं कॉन्व्हेंटचं मागचं अंगण आठवलं. तू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मधे ताणलेली चादर. पायरीवर सिस्टर बोनिफात्सिया बसलेली, कोपऱ्याला कोपरा, मुलींनो, असं सारखं बजावणारी. तू मुद्दाम तुझं टोक सोडायचीस, मग पूर्वेचा वारा चादर घेऊन थेट काटेबाभळीत. काट्यांतून ती सोडवताना आपण इतक्या हसायचो की सिस्टर आपल्याला चॅपेलमध्ये गुडघ्यांवर बसवायची, आणि तिथेही तुझं हसू थांबायचं नाही. आज माझ्या चादरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. दोरीलाच बांधलं.

तुझ्याकडून परत आल्याला चार आठवडे झाले. मातीच्या दिवशी तुझ्याजवळ जितकं बसायला हवं होतं तितकं बसले नाही, हे मला कळतं. स्वयंपाकघरात पातेली घासत राहिले. माझ्याच धावपट्टीच्या अलीकडच्या कड्यावर विमान आदळून तुझा एकुलता एक फ्रिडोलिन गेला, आणि मी तुला काय सांगायचं?

इथं काम चालूच आहे. सकाळी समुद्राकडून धुकं येतं, दहाच्या पुढे ऊन असं तापतं की धावपट्टीवर खोटं पाणी चमकायला लागतं आणि जड विमान उठता उठत नाही. दुपारी नैर्ऋत्येचा वारा वाळू उडवत येतो. धुकं विरल्यावर आणि ऊन तापायच्या आधी दीड-दोन तासांची फट सापडते, तेवढ्यातच विमानं ये-जा करतात. फ्रिडोलिनच्या जागी आता एक म्हातारा जर्मन येतो. तो मला तीन-तीनदा हवा विचारतो. वाईट वाटून घेत नाही मी.

दर तासाला पायरीवर उभं राहून खुणा बघते, एकोणतीस वर्षं बघते आहे तशीच. फ्रिडोलिन सात वर्षांचा असताना सुट्टीत माझ्याकडे यायचा तेव्हा त्याला त्या तोंडपाठ होत्या. वाऱ्याची पिशवी तीनशे मीटर, रेल्वेचं जुनं इंजिनघर पंधराशे, चुना फासलेला दगडांचा ढीग तीन हजार, जुळी टेकडी बारा किलोमीटर. जी सगळ्यात लांबची खूण दिसेल तेवढी नजर. तेवढीच वहीत लिहायची, तेवढीच रेडिओवर सांगायची. इंजिनघर दिसत नसेल तर कुणी उतरायचं नाही, मागे वळायचं. तो माझ्याआधी धावत जाऊन ओरडायचा, मावशी, टेकडी दिसली, टेकडी!

सोबत तुझ्यासाठी ठिगळांचा झगा पाठवते आहे. काळी आणि करडी ठिगळंच घेतली आहेत. जेवत जा. नुसत्या कॉफीवर माणूस जगत नाही.

तुझ्यावरचा जीव काही कमी होत नाही, एवढं ध्यानात असू दे.
तुझी ताई,
ओतिली


कीटमन्सहूप
२७ ऑक्टोबर १९९६

ती. ओतिलीताईस,
सा. न.

झगा पोचला. अंगाला नीट बसला, पण ताई, शिवण बघून मला पुष्कळ दिवसांनी हसू आलं. डावी बाही उजवीपेक्षा लांब, टाके बकरी चालल्यासारखे! सिस्टरनं सगळं उसवायला लावलं असतं. आणि तुझं अक्षर? पहिलीतल्या पोरीसारखं मोठ्ठं झालंय, ओळी उतारावरून घसरल्यासारख्या. कागद महाग झालाय बाई, जरा बारीक लिही.

आता खरं लिहिते. चौकशीचा अहवाल आला. फादर हुबेर्टनी मला समोर बसवून वाचून दाखवला. त्यात लिहिलंय की तीन सप्टेंबरला सकाळी आठ वाजता ड्रुएपुट्सला पंधराशे मीटर दिसत होतं, वहीत तशी नोंद आहे. तेवढ्यात उतरता यायला हवं होतं. म्हणून वैमानिकानं उंचीचा अंदाज चुकवला, अकारण खाली आला, निष्काळजीपणा केला. निष्काळजी, ताई! जो मुलगा घराबाहेर पडताना चूल विझली का ते तीनदा बघायचा, तो.

पेपरातही तेच आलं. आपल्या लोकांतला पहिला वैमानिक म्हणून ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं तेच आता म्हणतात, पोरगं चढलं होतं, मावशीला पंख हलवून दाखवायला खाली आलं असेल. एकदा हलवले होते त्यानं, ते खरं. पण ते निरभ्र दिवशी, आणि त्याबद्दल तूच त्याला झापलं होतंस.

सगळ्यात अवघड आपोलोनिया कूपरचं आहे. तिचा नवरा पाउलुस वेल्डर होता, खाणीवर कामाला निघाला होता. फ्रिडोलिनच्या विमानात तेवढा एकच प्रवासी. गेल्या रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर दारातच तिनं मला अडवलं. सगळ्या बायका ऐकत होत्या. म्हणाली, तुझ्या पोराला नखरे करायचे होते तर रिकाम्या विमानात करायचे, माझं माणूस कशाला नेलं? तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

शाळेच्या स्वयंपाकघरात अजून कामाला जाते. दोनशे मुलांची लापशी ढवळताना डोकं रिकामं राहतं, तेवढंच बरं.

पत्राची वाट बघते. तू आहेस म्हणून धीर आहे.
तुझी,
द्रीना


ड्रुएपुट्स
१७ नोव्हेंबर १९९६

चि. द्रीनास,
अ. उ. आ.

तुझं पत्र टपालाच्या विमानानं आलं. खिडकीशी नेऊन दोनदा वाचलं.

लोकांच्या तोंडाला कुणी हात लावायचा? चार महिने बोलतील, मग पाऊस, बकऱ्या, निवडणुका, दुसरं काही मिळेल. अहवालाशी भांडू नकोस असं मला वाटतं. भांडून मेलेलं माणूस परत येत नाही. तू शांत राहा, फ्रिडोलिनसाठी माळ जप. देवाला काय झालं ते ठाऊक आहे.

इथं वारा माजला आहे. परवा वाळू इतकी उडाली की दाराखालून आत येऊन माझ्या पलंगापर्यंत तिची शेपूट लागली. खाणीची दोन माणसं दिवसभर अडकून पडली. एक जण मला म्हणाला, मावशी, तू आमची हवा इतकी वर्षं सांभाळतेस, जरा चांगली पाठव ना. मी म्हटलं, हवा माझी असती तर मी ती पेटीत कुलपात ठेवली असती. हसले बिचारे. मग माझ्या हातून कॉफीचं भांडं सुटलं आणि हात भाजला. काही विशेष नाही, फोड सुकला.

धुक्याबद्दल एक सांगते. धुकं पांढरं असतं असं सगळे म्हणतात. पण आत उभं राहिलं की त्यात आकार असतात. जवळचं लांब वाटतं, लांबचं जवळ. इतकी वर्षं बघितलेलं असलं की माणूस बघत नाही, आठवतो. असो. म्हातारपणी काहीतरी सुचतं.

अक्षराची थट्टा केलीस ती आवडली. तुझी थट्टा ऐकून बरं वाटलं.

नाताळला येणं जमणार नाही. बदली माणूस नाही.

माया आहे ती तशीच ठेव, निदान आणखी थोडे दिवस.
तुझी ताई,
ओतिली


कीटमन्सहूप
८ डिसेंबर १९९६

ती. ताईस,
सा. न.

तुझ्या पत्रानं मला राग आला, आणि तो मी लपवणार नाही. तुझ्यावर चिडायची माझी पहिलीच वेळ नाही, पण या वयात वेगळं लागतं.

शांत राहा म्हणतेस. कशी राहू? चर्चच्या मातृमंडळाच्या बायकांनी मला निरोप पाठवला की मिरवणुकीत यंदा झेंडा दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ, म्हणजे कुणाला त्रास नको. बावीस वर्षं तो झेंडा मी धरला. दगडवाला विचारून गेला की वर्षश्राद्धाला थडग्यावर जो दगड बसवायचा त्यावर काय कोरू. मी वैमानिक असं सांगितलं, तर तो खाली बघून म्हणाला, काकू, नुसतं नाव टाकू या का? आणि आपोलोनियानं फादरना सांगितलंय की पाउलुसच्या शेजारी माझ्या मुलाचा दगड उभा राहिला तर ती रात्रीत तो पाडील. राहू शांत?

अहवाल मी फादरांकडून मागून घेतला आणि डिक्शनरी घेऊन स्वतः वाचला. कॉन्व्हेंटचं इंग्रजी अजून तेवढं आहे. त्यात तुझा जबाब दोनच ओळींचा आहे. आठ वाजता पंधराशे मीटर सांगितले, नंतर आवाज ऐकला. बस. माझ्या मुलाशी शेवटचं बोललीस ती तू. तो काय बोलला? तीन महिने झाले, मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. मला वाटलं तुला त्रास होईल. पण आता विचारते.

आणि एक काम कर. चौकशीच्या साहेबांना लिही की धुकं अचानक आलं. तू सांगितलंस तेव्हा पंधराशे दिसत होतं, आणि पुढच्या पाच मिनिटांत समुद्रावरून भिंत चालून आली. असं होतं ना तिथं? तूच सांगायचीस. एकोणतीस वर्षांत तुझ्या वहीत एक खाडाखोड नाही, तुझ्या शब्दाला ते नाही म्हणणार नाहीत. एवढं एक वाक्य, ताई. तुझं काही जाणार नाही आणि माझ्या मुलाचं नाव वाचेल.

उत्तर लवकर दे. रागावले असले तरी तुझीच,
द्रीना


ड्रुएपुट्स
१२ जानेवारी १९९७

चि. द्रीना,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून यावेळी नुसतं तुझं नाव लिहिते.

तुझं पत्र चार आठवडे उशीखाली ठेवलं. तू मागितलेलं वाक्य मी दोनदा लिहूनसुद्धा काढलं. सोपं होतं. त्यानं फ्रिडोलिनही सुटला असता आणि मीही. पण धुकं अचानक आलं नव्हतं. ते पहाटे चारपासून होतं.

तीन वर्षांपासून मला नीट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांवर दुधाची साय आल्यासारखं आहे. दर जानेवारीत डॉक्टर येतो, भिंतीला अक्षरांचा तक्ता लावतो. तक्ता दरवर्षी तोच. आपण सिस्टरपुढे धर्मप्रश्नोत्तरं म्हणायचो ना, अर्थ कळो न कळो, एक अक्षर चुकायचं नाही, तसा मी तो तक्ता म्हणते. शेवटच्या ओळीपर्यंत. डॉक्टर म्हणतो, या वयात गरुडाची नजर! आणि मी लाजून हसते. कबूल केलं असतं तर नोकरी गेली असती, ही खोली गेली असती, आणि तुझ्या दारात एक आंधळी बहीण येऊन बसली असती. तू ये म्हणाली असतीस. म्हणूनच नको होतं.

खुणा मला पाठ आहेत. पायरीवर उभी राहिले की कुठं काय असायला हवं ते मान वळायच्या आधी डोक्यात असतं. त्या सकाळी पांढऱ्यात एक काळा चौकोन दिसला, बरोबर इंजिनघराच्या दिशेला. तो दिसला म्हणजे पंधराशे. मी वहीत लिहिलं.

फ्रिडोलिन काय बोलला ते आता सांगते. तो वर घिरट्या घालत होता. म्हणाला, मावशी, वरून नुसती लोकर दिसतेय, मला पटत नाही. पंधराशे नक्की ना? नाहीतर मी परत फिरतो, पाउलुसला म्हणतो आज घरी जाऊन बायकोच्या हातचं खा. मी म्हटलं, नक्की. इंजिनघर समोर दिसतंय मला. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, तू म्हणतेस म्हणजे दिसतंय, येतो, कॉफी टाक. कॉफी मी टाकली होती. त्याचा आवाज मला रोज ऐकू येतो असं म्हणणार नाही, काही दिवस येत नाही. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी जास्त भीती वाटते.

जबाब घ्यायला साहेब आले तेव्हा मी फक्त आकडा सांगितला. बोलणं सांगितलं नाही. रेडिओवरचं इथं काही साठवून ठेवत नाहीत. ते बोलणं ऐकलेली मी एकटीच उरले.

तेव्हासुद्धा मी स्वतःला सांगत होते की इंजिनघर मला खरंच दिसलं. पण नाताळच्या आदल्या दिवशी पाण्याच्या लॉरीचा योनास कॉफी प्यायला बसला आणि सहज बोलून गेला, त्या सकाळी मी तुझ्या पायरीसमोर, इंजिनघराच्या वाटेवरच तर होतो मावशी, चाक बसलं होतं म्हणून पहाटेपासून लॉरी तिथंच उभी करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला लॉरी त्याच जागी लावायला सांगितली आणि पावलं मोजत गेले. चारशे मीटर. मी चारशे मीटरवरच्या लॉरीला पंधराशे मीटरवरचं इंजिनघर समजले. धड डोळ्यांच्या माणसाला चाकं दिसली असती, काच दिसली असती. मला चौकोन दिसला, आणि बाकीचं मी आठवलं.

तुझ्या मुलानं काहीच चूक केली नाही, द्रीना. त्यानं विचारलं होतं. त्यानं परत फिरायची तयारी ठेवली होती. त्याची चूक एवढीच की त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

हे सगळं मी योनासच्या मुलीकडून स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं आहे आणि खाली सही केली आहे. एक प्रत साहेबांकडे याच विमानानं गेली. त्यांना सांगितलंय की दुसरा डॉक्टर आणि दुसरा तक्ता घेऊन या. तोपर्यंत मी पायरीवर उभी राहणार नाही, असं कंपनीलाही कळवलं. रेडिओ योनास बघतो, हवा विचारली की तो विमानांना परत पाठवतो. बाकीच्या दोन प्रती सोबत आहेत. तू योग्य त्या ठिकाणी दे, किंवा चुलीत घाल. तो अधिकार तुझा.

मी तुझ्याकडे काही मागत नाही.
ओतिली


कीटमन्सहूप
१६ फेब्रुवारी १९९७

ओतिलीताई,

नमस्कार लिहिला नाही, तो चुकून राहिलेला नाही.

तुझं पत्र वाचून मी तीन दिवस कामावर गेले नाही. चौथ्या दिवशी उठले, पाव भाजला आणि प्रती घेऊन बाहेर पडले. पहिली फादर हुबेर्टना दिली. त्यांनी रविवारी ती प्रवचनाऐवजी वाचली, एकही शब्द मधे न घालता. तुझं नाव आलं तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली, तेव्हा ते थांबले आणि शांतता होईपर्यंत थांबूनच राहिले. दगडवाला सोमवारी स्वतः आला आणि वैमानिक हा शब्द मोठ्या अक्षरात घ्यायचा का असं विचारलं. मी म्हटलं, नेहमीच्या अक्षरात.

दुसरी प्रत घेऊन मी आपोलोनियाच्या दारात गेले. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं, उभ्या उभ्याच. मग तिनं विचारलं, पंधराशे मीटर म्हणजे किती? मी म्हटलं, इथून पेट्रोलपंपापर्यंत. आणि चारशे? मी म्हटलं, इथून मिशनच्या फाटकापर्यंत. ती रस्त्यावर आली, आधी पंपाकडे बघितलं, मग फाटकाकडे. परत येऊन खुर्ची पुसली आणि मला बस म्हणाली. म्हणाली, तुझ्या पोरावर रागवायची सवय लागली होती गं, आता हा राग कुठं ठेवू? मग तीच म्हणाली, तुझ्या बहिणीवर ठेवीन, पण तू मधे येऊ नकोस. मी येणार नाही असं सांगितलं.

साहेबांचंही पत्र आलं. अहवालातून निष्काळजी हा शब्द काढतील. तुझी नोकरी गेली आणि मार्चअखेर खोली सोडायची आहे हे मला फादरांकडून कळलं, तू लिहिलं नाहीस. कुठं जाणार हे तू मला विचारलं नाहीस, ते बरं केलंस. मी नाही म्हटलं असतं, आणि ते जन्मभर लागलं असतं. मिशनच्या इस्पितळातल्या सिस्टर तुला ठेवून घ्यायला तयार आहेत, तिथंच डोळ्यांचं ऑपरेशनही करतात. मी बोलून ठेवलंय. त्यांना निरोप पाठव, मला नको.

क्षमा केली का हे मला कुणी विचारलं तर मी काय सांगावं ते मला माहीत नाही. रोज सकाळी वेगळं उत्तर येतं.

सप्टेंबरात दगड बसवू. तू येऊ नकोस. त्याआधी फ्रिडोलिनची पेटी मोकळी करायची आहे. काय कुणाला द्यायचं ते मी ठरवलंय. काही वस्तू टपालाच्या विमानानं तिकडे येतील, त्या तुझ्याच हातानं वाटायच्या आहेत, म्हणून लिहून ठेवते.

चामड्याचं जाकीट योनासला. त्या दिवशी कड्यावर सगळ्यांच्या आधी तोच पोचला होता, आणि त्यानं अंगावरचा कोट काढून माझ्या मुलावर घातला असं ऐकलं. त्याचा कोट तर परत आला नाही.

काळे बूट, एकदाच घातलेले, त्या म्हाताऱ्या जर्मनला मापाचे झाले तर. नाहीतर कुणालाही देऊ नकोस, परत पाठव.

पांढरे चार सदरे फादरांकडे, ते वृद्धाश्रमात देतील. ते मी इथूनच देते.

मफलर आपोलोनियाला. तिनं मागितला. का ते मी विचारलं नाही.

उड्डाणांची वही माझ्याकडे राहील. ती कुणी मागू नये.

काळा चष्मा तुला. ऑपरेशननंतर सहा आठवडे उजेड सोसत नाही, असं सिस्टर म्हणाल्या, आणि आपल्याकडचं ऊन तर मला माहीत आहे. काचेवर उजवीकडे एक चरा आहे, तो पुसला जात नाही, पुसत बसू नकोस. तो घाल. मला दाखवायला येऊ नकोस.

द्रीना